‘शहाण्यासारखा एका जागी बस’

“मॅडम, पोरगा जागचा हलत नाही. आमच्या घरात शुगर आहे. ह्यालाही होईल का हो?” हा प्रश्न मी माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या इतक्या आयांच्या तोंडून ऐकलाय, की समोरची बाई पिशवीतून रिपोर्टची फाइल काढायला लागली की पुढचं वाक्य मला कळतं. म्हणून वेदांतची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, घरच्यांना विचारूनच लिहिते आहे.

वेदांत १० वर्षांचा, राहायला इंदिरानगरला. आजोबा इन्सुलिनवर, बाबांनाही ३८व्या वर्षी मधुमेह निघाला. तेव्हापासून आईच्या जिवाला घोर. शाळा, व्हॅन, क्लास, होमवर्क, मग मोबाइल असा मुलाचा दिवस. जॉगिंग ट्रॅकवर नेलं तर हा बाकावर बसून राहायचा. “ऊठ, नाहीतर आजोबांसारख्या सुया टोचून घ्याव्या लागतील,” हे तिचं रोजचं.

त्या धाकाचा परिणाम वेदांतने मला पहिल्याच भेटीत, अगदी हळू आवाजात सांगितला. इन्सुलिन फ्रिजच्या दारात असतं, म्हणून तो फ्रिज उघडतच नाही. तहान लागली की बसल्या जागेवरून आईला हाक मारतो. आई त्याला आळस समजायची. भीतीने मूल उठत नाही, आणखी आक्रसून बसतं, हे इतक्या वर्षांत मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

खरी गाठ सुटली तिसऱ्या भेटीत. वेदांतचा उजवा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. आई माझ्याशी बोलता बोलता, त्याच्याकडे न बघताच, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून पाय दाबत होती. पाय थांबायचा, दोन मिनिटांनी पुन्हा सुरू. पुन्हा हात. मी वेदांतला विचारलं, “घरी तुला शाबासकी कधी मिळते?”

“पाहुणे आल्यावर मी एका जागी बसलो की.”

“आणि क्लासमध्ये?”

“दोन तास उठलो नाही तर टीचर स्टार देतात.”

आईचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. तो अजून त्याच्या गुडघ्यावरच होता. तिने तो हळूच काढून घेतला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ती म्हणाली, “म्हणजे त्याला मीच बसवलं का हो?”

“तुम्ही एकट्यांनी नाही, आपण सगळ्यांनी,” मी म्हटलं. मलाही ते त्याच क्षणी लख्ख दिसलं होतं. चालायला लागल्यापासून आपण मुलाला ‘शहाण्यासारखा बस’ शिकवतो, आणि ते नीट शिकलं की दहाव्या वर्षी त्यालाच ऐतखाऊ म्हणतो. मुलाला बदलायच्या आधी घराची वहिवाट बदला, असं मी पहिल्यापासून मानत आले. या खोलीत ते पुन्हा खरं ठरलं.

मग मी तिला एक प्रयोग सांगितला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ७ ते ११ वर्षांच्या, वयाला योग्य वजन असलेल्या २८ मुलांना एक दिवस सलग ३ तास बसवलं. दुसऱ्या दिवशी बसणं तेवढंच, पण दर अर्ध्या तासाने ३ मिनिटं जरा झपझप चालणं. दोन्ही दिवशी ग्लुकोजचं पाणी पाजलं होतं. चालण्याच्या दिवशी रक्तातली साखर सरासरी ७ टक्के कमी, आणि इन्सुलिन तब्बल ३२ टक्के कमी. नंतर जेवायला बसल्यावर मुलं जास्तही जेवली नाहीत. प्रयोग छोटा आहे आणि त्या काही तासांपुरता, पण कारण समजण्यासारखं आहे. पायाचे मोठे स्नायू हलले की ते रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, तेवढा शरीरावरचा इन्सुलिनचा भार हलका होतो.

“पण उठवायचं कुणी? मी सांगितलं की भांडण,” आई म्हणाली. उपाय वेदांतनेच काढला. घरात आजोबांचं चावीचं टोल्यांचं घड्याळ होतं, अर्ध्या तासालाही एक टोला देणारं. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून ते बंद ठेवलं होतं. आता रविवारी वेदांत चावी देतो. टोला पडला की सगळ्यांनी उठायचं, आजोबांनीसुद्धा. पॅसेजमध्ये फेऱ्या, नाहीतर जिन्याचे दोन मजले. आईने ‘ऊठ’ म्हणायचं नाही, एवढीच माझी अट. बाबा पहिला आठवडा सोफ्यावरून हलले नाहीत. मग नातू-आजोबा समोरून चालायला लागल्यावर त्यांनाच बसवेना.

हे मैदानावरच्या खेळाला पर्याय म्हणून धरू नका. रोज तासभर घाम येईल असा खेळ मुलांना हवाच. मूल बारीक आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. वजनाला कमी पण अंगात चरबी जास्त, अशी आपली बाळं असतात, हे पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय. मानेवर घासूनही न जाणारा काळा पट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवा. सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरणं असेल तर त्याच दिवशी. आणि बहुतेकदा लहानपणी होणारा, इन्सुलिन लागणारा टाइप १ मधुमेह बसून राहिल्याने होत नाही, त्या मुलांच्या आयांना कुणी बोल लावू नये.

परवा वेदांतच्या आईचा फोन आला. परीक्षा जवळ आली होती. “मॅडम, तेवढ्यापुरते टोले बंद ठेवू का?”

“परीक्षेतच तर तो जास्त बसतो ना?” मी विचारलं.

“हो, तोही तेच म्हणाला.”