माईक हातात आला की घसा कोरडा पडतो

प्रश्न: ताई, मी 34 वर्षांची, शिक्षण बारावी. सीट महिला राखीव सुटली म्हणून घरच्यांनी फॉर्म भरला आणि निवडून पण आले, आता सरपंच आहे. घरात, बचत गटात भरपूर बोलते पण ग्रामसभेत माईक हातात आला की घसा कोरडा, हात थरथर, डोक्यातलं सगळं गायब. 1 मे च्या सभेत "नमस्कार" म्हणाले आणि गप्पच झाले, मग मिस्टरांनी माईक घेतला आणि पूर्ण सभा त्यांनीच चालवली. मागून कुणीतरी हसलं ते अजून डोक्यातून जात नाही. 15 ऑगस्टला परत सभा आहे, राजीनामा देऊ का?
— एक सरपंच, सातारा जिल्हा

उत्तर: राजीनामा कशाला हो! गांधीजी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच केसला उलटतपासणीला उभे राहिले तर डोकं गरगरायला लागलं, एक प्रश्न सुचेना, खाली बसले आणि फी परत करून केस दुसऱ्या वकिलाकडे द्या म्हणाले. फी होती 30 रुपये. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

घसा कोरडा पडणं, धडधड, हे ॲड्रेनलिनचं, म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या रसायनाचं काम, कुत्रं मागे लागल्यावर होतं तेच. दोनचार मिनिटं बोलत राहिलं की ते बऱ्यापैकी उतरतं, पण तुमच्या बाबतीत त्याआधीच माईक काढून घेतला गेला ना, मग शरीर एवढंच शिकलं की माईक सोडला की सुटका. मिस्टरांनी प्रेमानेच केलं असेल, मी त्यांना नावं ठेवत नाही (थोडी ठेवते), पण त्या मदतीनेच भीती पक्की झाली.

आता तुमच्या हातात एक भारी गोष्ट आहे जी बऱ्याच जणी नुसती कागदावर उरकतात, ती म्हणजे महिला सभा. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायचीच असते, कायद्यातच आहे. 15 ऑगस्टच्या आधीची महिला सभा खरीखुरी भरवा, तिथे माईक लावा आणि जे ग्रामसभेत बोलायचंय तेच तिथे बोला, समोर सगळ्या बचत गटातल्याच असणार. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, तरी केवढी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी ते, आणि त्यातले निम्मे तुमच्या लग्नात जेवून गेलेले.

पहिली दोन वाक्यं फक्त पाठ करा, बाकी मुद्दे जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे मोठ्या अक्षरात लिहा, पातळ कागद घेतला तर हात हलला की तोही फडफडतो आणि आपण अजून घाबरतो. सुरुवात पाण्याच्या विषयाने करा, नळाला किती वाजता पाणी येतं हे तुमच्याइतकं कुणाला माहिती? आणि पुस्तकी मराठी अजिबात नको, घरी बोलता तसंच बोला. अडचणीचा प्रश्न आला तर "भाऊसाहेब, याचं जरा सांगा" म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (आधीचे ग्रामसेवक) द्यायचा, रेकॉर्ड त्यांच्याकडेच असतं, त्यात कमीपणा नाही. महिला सभेत सराव करूनही रात्र रात्र झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, यावर उपचार असतात, पण मनाने गोळी घेऊ नका, दमा असेल तर काही गोळ्या चालत नाहीत.

राहिले मिस्टर. सभेचं अध्यक्षस्थान तुमचं, त्यांना त्या दिवशी चहाची व्यवस्था द्या, माईकपासून लांब.