बाबांचा बास कुणाच्या हाती द्यावा?

प्रश्न : ताई, सप्रेम जय भीम. माझ्या बाबांनी इथल्या ऑर्केस्ट्रात आयुष्यभर बास गिटार वाजवली. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, गणपती, सगळीकडे तोच एक चार तारांचा, कोलकात्याला घडलेला बास. आता बाबांची बोटं साथ देत नाहीत, म्हणून मी वाजवतो. दांड्यावरच्या, म्हणजे नेकवरच्या, पहिल्या पाच फ्रेटवर (धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारांच्या खाचा पडल्यात आणि तिथं ई तार झणझणते. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर होते, मधेच आवाज जातो. नेक बॉडीपाशी किंचित हलते, एक स्क्रू नुसताच फिरतो. सीताबर्डीतल्या एका दुकानात म्हणाले, ‘यात पैसे घालू नका, नवा घ्या.’ ओळखीचा सुतार म्हणतो, फ्रेट घासून, नवं पॉलिश मारून आठ दिवसांत देतो. 14 एप्रिलच्या आत बास वाजता हवा आहे. नागपुरात योग्य कारागीर कसा शोधू?
— एक वाचक, इंदोरा

उत्तर : जय भीम. तुम्ही लिहिलेल्या बिघाडांत एकही असा नाही, ज्यासाठी बास टाकून द्यावा. नेक पिळली गेली असती किंवा हेडस्टॉकला, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाला, तडा असता तर मी थांबून विचार केला असता. बाकी सगळं दुरुस्त होतं. मुळात हे वाद्य उघडता यावं असंच घडवलेलं आहे. लिओ फेंडरनं 1951 साली अमेरिकेत प्रिसिजन बास आणला तेव्हा नेक सरसानं न चिकटवता चार स्क्रूंनी बॉडीला आवळली. झिजली तर काढा, दुसरी बसवा. तुमच्या बासची नेकही स्क्रूवरच आहे, म्हणजे तोही त्याच घराण्यातला.

सुताराला मात्र फ्रेटला हात लावू देऊ नका. त्याच्या हातात कसब नाही असं मी म्हणत नाही, पण इथं लाकूड नुसतं पडून नसतं. चार तारा मिळून त्या नेकवर साधारण 70 ते 80 किलोचा ताण देतात, आणि आतली लोखंडी ट्रस रॉड तो ताण पेलते. तारा उतरवून टेबलावर ठेवलेल्या नेकवर सरसकट कानस चालवली, तर तारा चढवल्यावर नेक वाकते आणि फ्रेटची पातळी पुन्हा बिघडते. फ्रेटची जास्त गेलेली उंची परत येत नाही, मग सगळे फ्रेट नवे घालण्यावाचून इलाज उरत नाही.

म्हणून कारागीर ओळखायची माझी कसोटी एकच आहे : तो सुरुवात कुठून करतो ते बघा. जाणकार माणूस बास हातात घेतल्यावर आधी हेडस्टॉककडून एक डोळा मिटून नेकची रेघ बघेल. मग वाजवून बघेल, प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट. झणझण कुठं होते, जोरात वाजवल्यावर होते की हळू वाजवतानाही, तारा केव्हा बदलल्या, हे विचारेल. तुमच्या बासचा हलणारा जोड त्याला आधी दिसला पाहिजे, कारण तो घट्ट झाल्याशिवाय पुढचं कुठलंच माप खरं नाही. मग नव्या तारा, मग ट्रस रॉड, आणि कानस त्यानंतर. बास बघायच्या आधीच जो फ्रेट बदलायचा भाव सांगतो, त्याच्याकडून बास उचलून घरी आणा.

घरीच एक तपासणी करून जा. ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हातानं नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते बाबांना बघायला सांगा. साधारण 0.3 मिलिमीटर, म्हणजे साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी. फटच नसेल तर नेक गरजेपेक्षा जास्त ताठ आहे किंवा उलटी वाकली आहे, आणि पहिल्या फ्रेटवरची तुमची झणझण निम्मी तरी त्यामुळेच असू शकते. ती ट्रस रॉड किंचित सैल केल्यावर जाते. हे काम कारागिराकडूनच करून घ्या. तोही एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवत नसेल तर समजा, माणूस जपून काम करणारा आहे.

खाचांचं म्हणाल, तर फ्रेटची उंची पुरेशी उरली असेल तर पातळी करून माथे पुन्हा गोल करता येतात. त्याला लेव्हलिंग आणि क्राउनिंग म्हणतात. उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर फक्त पहिले पाच-सात फ्रेट बदलून ते बाकीच्यांच्या उंचीला आणावेत. सगळे बदलायची गरज क्वचित असते. फिरणाऱ्या स्क्रूसाठी भोकात टणक लाकडाची खुंटी चिकटवून, ती वाळल्यावर नव्यानं भोक पाडतात. एम-सील किंवा माचिसच्या काड्या कोंबून देणाऱ्याला नको म्हणा.

आता माणूस सापडतो कुठं? वाद्यांची दुकानं विकतात. दुरुस्ती बहुधा कुणीतरी घरी बसून करत असतो आणि त्याच्या दारावर पाटी नसते. म्हणून दुकानदारापेक्षा वाजवणाऱ्यांना विचारा. जयंतीला ज्यांचे रोज कार्यक्रम असतात ते ऑर्केस्ट्रावाले, शहरातले रेकॉर्डिंग स्टुडिओ, सदरकडच्या चर्चमधली गाणारी-वाजवणारी मुलं. ‘तुमचा सेटअप (नेक, तारांची उंची जुळवून देणं) कोण करतो?’ एवढंच विचारा, आणि एकच नाव दोन वेगळ्या ठिकाणांहून आलं की तिथं जा. त्यानं दुरुस्त केलेला एखादा बास वाजवून बघायला मागा. मी स्वतः चर्चमध्ये बास वाजवते, आणि दुसऱ्याच्या हातातलं वाद्य वाजवून बघितल्याशिवाय माझं वाद्य कुणाकडे सोडत नाही.

सतार-तानपुरा दुरुस्त करणाऱ्यांना आपल्याकडे कुणी गिटारसाठी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. मिरजेच्या परंपरेत शिकलेला कारागीर तारेची झणझण जितकी ओळखतो तितकी दुसरं कुणी ओळखत नाही, कारण जवारी काढणं म्हणजे ती झणझण मुद्दाम, मापात घडवणं. बासच्या नटवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीवर, याच्या अगदी उलट हवं असतं. तार नटच्या पुढच्या काठावरूनच स्वच्छ सुटली पाहिजे. तुमच्या बासची एखादी तार मोकळी वाजवतानाच झणझणत असेल आणि दाबल्यावर नाही, तर दोष बहुधा नटचा. हाडाचा नवा नट घडवणं असा कारागीर उत्तम करेल. त्याला सांगा, जवारी पूर्ण बंद हवी. ट्रस रॉड आणि फ्रेट मात्र गिटारवाल्याकडेच.

खरखरीसाठी लाकडाच्या माणसाकडे जायचंच कारण नाही. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कुठलाही चांगला मेकॅनिक पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा भाग) आणि जॅक (जिथं वायर खोचतो ते भोक) साफ करेल किंवा बदलेल. मधेच आवाज जाणं हे बहुतेक वेळा जॅक आवळणारी चकती सैल झाल्यामुळे आत पिळून तुटलेल्या वायरचं लक्षण असतं. काम छोटं आहे. तारांचा कंप पकडणारे जुने पिकअप बदलू देऊ नका. आणि एक गोष्ट विसरू नका : मंडपात वाजवताना माइकला ओठ लागून झटका बसत असेल, तर ते बासवर ढकलू नका. अर्थिंगमध्ये दोष आहे. मंडपवाल्याकडून ते नीट करून घेतल्याशिवाय वाजवू नका, यात जीव जातो.

पॉलिश करू नका. नेकच्या मागचं पॉलिश जिथं गेलंय तिथं बाबांचा अंगठा इतकी वर्षं फिरला, आणि तिथं हात सर्वांत सहज सरकतो. नवं चकचकीत पॉलिश नागपूरच्या घामात चिकट होईल. उघड्या लाकडात घाम मुरू नये एवढ्यापुरता तेलाचा अगदी पातळ हात पुरतो.

इथं कुणी पसंत पडलं नाही, तर बास घेऊन स्वतः मुंबईला जा. विदर्भ एक्स्प्रेसनं संध्याकाळी निघालात की सकाळी पोचता. कुरिअरनं पाठवू नका, हेडस्टॉक मोडण्याची भीती असते. काम देताना सगळ्या बाजूंनी फोटो काढा, खर्च लिहून घ्या, काढलेले जुने भाग परत मागा. मार्चच्या मध्यापर्यंत बास हातात यायला हवा. एप्रिल लागला की शहरातला प्रत्येक चांगला कारागीर ऑर्केस्ट्राच्या कामात अडकलेला असतो. शिवाय नव्या तारा आणि नव्या फ्रेटवर दोन-तीन आठवडे वाजवून नेक स्थिरावली की सेटअप एकदा शेवटचा बघून घ्यावा लागतो. तो पैशात धरलाय का, हे आधीच विचारा.

प्रश्न : उन्हाळ्यात माझ्या गिटारच्या नेकच्या कडा हाताला टोचतात. कुलरसमोर ठेवली तर बरं का?
— एक विद्यार्थिनी, कामठी

उत्तर : कुलरसमोर नको. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. कुलरची ओल दिवसा, कोरडी हवा रात्री, हा चढउतार लाकडाला सगळ्यात वाईट. केसमध्ये ठेवा, आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. मे महिन्यात कारच्या डिकीत तर मुळीच नाही, तिथल्या उष्णतेनं चिकटवलेले सांधे सुटतात. टोकं गोल करून घेणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते उन्हाळ्यातच, टोकं पूर्ण बाहेर आलेली असताना करून घ्या.