ही ओळ कोणाला कळू नये?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा तुझ्या संगीत नाटकाचा आराखडा मिळाला. सॅन होजेच्या कॅलिफोर्निया थिएटरमध्ये तू ‘झोरो’ हा मुखवट्यातल्या तलवारबाजाचा ऑपेरा पाहिलास, आणि घरी आल्यावर आपणही असं काही लिहायचं असं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. बघणारे पुष्कळ असतात, लगेच वही उघडणारे थोडे.

पण मला खटकलं ते आधी सांगते. तुझा काळ्या मुखवट्यातला नायक सह्याद्रीत घोडा फेकत येतो. गाणी मराठीत, संवाद इंग्रजीत. कारण तू लिहिलंयस, ‘मराठी न कळणाऱ्या मैत्रिणींनाही गोष्ट कळावी.’ हेतू चांगला आहे. फक्त त्याचा परिणाम बघ. सगळी गोष्ट इंग्रजी सांगते, आणि मराठी लग्नातल्या करवलीसारखी नटूनथटून बाजूला उभी राहते. तुझ्या दुसऱ्या प्रवेशातलं मराठी पद मी वगळून वाचलं. कथानकाचं काहीच अडलं नाही. ज्या भाषेवाचून प्रवेशाचं अडत नाही, ती त्या प्रवेशात नसली तरी चालते. मला मराठीचं असं व्हायला नको आहे, आणि तुलाही नको असणार.

म्हणून तू पाहिलेल्या ऑपेराकडेच पुन्हा जाऊ. हेक्टर आर्मिएंता हे मेक्सिकन-अमेरिकन संगीतकार. ‘झोरो’चे शब्दही त्यांचेच आणि संगीतही. २०२२ साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला तो प्रथम रंगमंचावर आला, २०२५ मध्ये तुमच्या गावी. त्यात स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही गायल्या जातात. आता गोष्टीचा काळ आठव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं लॉस एंजेलिस, म्हणजे १७८१ मध्ये चव्वेचाळीस माणसांनी वसवलेलं गाव. आधी स्पेनचा अंमल, १८२१ पासून मेक्सिकोचा. त्या गावात इंग्रजी बोलणारा माणूस शोधावाच लागला असता. म्हणजे नाटकातली इंग्रजी पात्रांची नाही, प्रेक्षागृहात बसलेल्यांची आहे. ती पुढच्या इतिहासातून मागे आली आहे.

आणि कशी आली तेही तुला माहीत हवं, कारण तू त्याच जमिनीवर राहतेस. मेक्सिको आणि अमेरिकेतल्या १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेलं. पुढच्याच वर्षी मॉन्टेरीला राज्याची घटना लिहिली गेली, आणि तिच्यात स्पष्ट कलम होतं की सगळे कायदे इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, दोन्हींत प्रसिद्ध व्हायचे. १८५१ मध्ये जमिनीचा कायदा आला: ज्यांच्याकडे स्पॅनिश वा मेक्सिकन सनदा होत्या त्यांनी आयोगापुढे जाऊन आपली मालकी सिद्ध करायची. दावे वर्षानुवर्षं चालले. कित्येकांनी दावा जिंकला, पण वकिलांच्या फीपायी आणि कर्जापायी जमीन गेलीच. १८७९ च्या नव्या घटनेत स्पॅनिशचं ते कलम उरलं नाही. तीस वर्षांत एक भाषा कायद्याच्या पुस्तकातून बाहेर पडली. हे ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांच्या घरात घडलं, त्यांची मुलंनातवंडं तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ‘झोरो’ ऐकत असतील. दोन भाषा एकाच मंचावर मानाने उभ्या राहणं ही त्यांच्यासाठी नुसती हौस नाही.

त्यातून झोरोचा जन्मच इंग्रजीतला. जॉन्स्टन मॅकली या अमेरिकन लेखकाने १९१९ मध्ये ‘ऑल-स्टोरी वीकली’ या स्वस्त मासल्याच्या साप्ताहिकात पाच भागांत ती कथा लिहिली, लगेच १९२० मध्ये डग्लस फेअरबँक्सचा मूकपट आला आणि मुखवटा, टोपी, तलवारीने कोरलेला ‘झेड’ जगभर गेला. स्पॅनिश बोलणारा नायक कागदावर इंग्रजी बोलला, पडद्यावर आधी मुका राहिला. शंभर वर्षांनी एका संगीतकाराने ऑपेराच्या मंचावर त्याची भाषा त्याच्या तोंडी दिली. ऑपेरा दोन भाषांत का, याचं उत्तर इथे आहे. तुझ्या नाटकात दोन भाषा का, याचं तितकंच पक्कं उत्तर तुझ्याकडे हवं. ‘मैत्रिणींना कळावं’ हे काम मंचावरची पट्टी करते. १९८३ मध्ये टोरांटोच्या ऑपेरा कंपनीने मंचाच्या वर भाषांतराची पट्टी झळकवली, आणि तेव्हापासून प्रेक्षकाला सगळं कळतं. तो प्रश्न सुटलेला आहे. त्यासाठी संवाद इंग्रजीत लिहिण्याची गरज उरलेली नाही.

मग उरतो खरा प्रश्न, आणि तोच मला तुझ्या मनात रुजवायचा आहे. प्रत्येक ओळ लिहिण्याआधी विचार: ही ओळ मंचावरच्या कोणाला कळू नये? मुखवटा काय करतो? तो प्रेक्षकापासून काही लपवत नाही. लपवतो तो शिरस्तेदारापासून, सरदारापासून, कधी बापापासून. दुसरी भाषाही तशीच वापर. आई मुलाला शिपायासमोर निरोप देते तेव्हा शिपायाला जी भाषा येत नाही तीच तिच्या ओठी येणार. शिपायाला ती येते असं आपल्याला आधीच दाखवलं असेल, तर प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकून बसेल. तिथे भाषेवाचून प्रवेश उभाच राहणार नाही.

ही गोष्ट पोथीतली नाही. १७८५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या सान गाब्रिएल मिशनवर, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांच्या वसाहतीवर, तिथल्या मूळ टोंग्वा लोकांनी उठाव करायचं ठरवलं. त्यांच्यात तोयपुरिना नावाची तरुण वैदू होती, पुढे तिच्यावर खटला चालला. उठावाचा सुगावा शिपायांना आधीच लागला. त्यांच्यातल्या एकाला ती भाषा कळत होती, असं सांगितलं जातं. मॅकलीच्या कथांत झोरो या लोकांच्या वतीने तलवार उपसतो, पण ते स्वतः बहुतेक मागेच उभे असतात. श्रीमंत जमीनदाराचा मुलगा सगळ्यांना सोडवतो ही कल्पना मला आज अपुरी वाटते. तुझ्या आराखड्यातही इनामदाराचाच मुलगा आहे. गांजलेल्या माणसाला स्वतःचं पद दे, चांगलं लांब दे, आणि नायकाला तेवढा वेळ गप्प उभं राहून ऐकू दे.

भाषेने पात्रांची पायरी दाखवणं आपल्याला नवीन नाही. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोले, स्त्रिया शौरसेनी बोलत आणि गाताना महाराष्ट्री प्राकृतात गात. तंजावरच्या शहाजीराजांनी तर पाच भाषांचं नाटक रचलं. जुन्या नाटककारांना प्रेक्षकाच्या कानावर भरवसा होता. तू इंग्रजी-मराठी घरात वाढलेली. बाबा फोनवर एका भाषेत बोलता बोलता रागावले की दुसरीत कसे जातात, हे तू माझ्यापेक्षा जास्त ऐकलं आहेस. ते लिही.

आता सह्याद्रीबद्दल. झोरोला तिथून उचलून इथे आणू नकोस. तो तिथल्या मातीचा आहे. मराठी आणि इंग्रजी खरोखर समोरासमोर ठाकल्या असा काळ हवा असेल तर उमाजी नाईकांचा घे. पुरंदरच्या राखणीचं रामोशांचं पिढीजात काम आणि त्यावरचे हक्क गेले, तिथून तो लढा पेटला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिली. दुसऱ्याच वर्षी मुंबईत त्यांच्यावर आणि रामोशी समाजावर एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. लेखक कोण, तर त्यांच्याविरुद्धच्या मोहिमेतला अधिकारी कॅप्टन मॅकिंटॉश. एका बंडखोराची हकिगत त्याच्या शत्रूच्या भाषेत, शत्रूच्या हातून लिहिली जाते, याहून मोठं नाट्य तुला कुठे मिळणार? आणि इथे मुखवट्याची गरजच नाही.

समज, चौकशीचा प्रवेश आहे. टेबलामागे अधिकारी, समोर बेड्या घातलेला कैदी, मध्ये दुभाषा कारकून. अधिकारी इंग्रजीत विचारतो, ‘किती माणसं होती?’ कारकून मराठीत विचारतो, पण आवाज खाली आणून एक शब्द जास्तीचा घालतो: ‘जपून सांगा.’ कैदी चार ओळी गातो, गावाचं नाव घेतो, पाटलाचं नाव घेतो. कारकून इंग्रजीत एकच ओळ परत करतो. उरलेल्या तीन ओळी कुठे गेल्या? त्या प्रेक्षकाला माहीत आहेत, साहेबाला नाहीत. आणि मग गद्य नाटकाला जे जमत नाही ते कर: तिघांना एकदम गाऊ दे. साहेब आपला अहवाल इंग्रजीत घोकतोय, कैदी आपलं तेच गाव पुन्हा पुन्हा गातोय, आणि कारकून दोन भाषांत, अर्धी ओळ इकडे अर्धी तिकडे, घामाघूम. माझ्या मते तुझ्या नाटकाचा नायक हा कारकूनच असू शकतो. विचार कर.

तुझा अन्याय सध्या फार मोघम आहे. ‘जुलमी राजवट’, ‘गोरगरिबांचे हाल’ एवढंच लिहिलंयस. कोणता कर? कोणत्या कागदावर कोणाची सही? काय जप्त झालं, बैल की शेत? अन्यायाला तारीख आणि रक्कम असली की संगीतालाही धरायला काही मिळतं.

मुखवटा ठेवायचाच असेल तर एक अडचण ध्यानात घे. ऑपेरात चेहरा झाकता येतो, आवाज नाही. तोच गायक दुसऱ्यांदा तोंड उघडतो आणि सगळं थिएटर त्याला ओळखतं. मोझार्टने या अडचणीचाच फायदा करून घेतला: ‘डॉन जिओव्हानी’त डोन्ना आन्ना बापाच्या खुन्याला ओळखते ती त्याच्या जाता जाता उच्चारलेल्या शब्दांवरून, आवाजावरून. तुझी नायिका मुखवट्याला भुलली असं दाखवू नकोस. तिने पहिल्याच सुरात ओळखावं आणि ओळखलं असं दाखवू नये. तिचं पद मग कितीतरी वेगळं होईल.

आणि मूळ कथेतला बेर्नार्दो आठव, झोरोचा मुकाबहिरा सेवक. ऑपेरात न गाणारं पात्र हे फार मोठं शस्त्र आहे. फ्रेंच संगीतकार ओबेरच्या १८२८ च्या ‘पोर्तिचीची मुकी’ या ऑपेरात नायिकाच मुकी आहे, ती नृत्य-अभिनयातून बोलते. १८३० च्या ऑगस्टमध्ये ब्रसेल्सला त्याचा प्रयोग पाहून लोक रस्त्यावर उतरले आणि बेल्जियमच्या क्रांतीला तोंड फुटलं. सगळे गात असताना एकजण गप्प असला की नजर त्याच्यावरच जाते.

आता गाण्याचं. स्पॅनिशला पाच स्वच्छ स्वर आहेत, बहुतेक शब्दांचा जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, त्यामुळे ओळ शेवटी अलगद खाली उतरते. इंग्रजीत एकाक्षरी शब्दांची रेलचेल, ओळ ठोक्यावर आपटून थांबते. एकाच चालीत दोन्ही कोंबल्या तर एकीचा तरी गळा दाबला जातो. मराठीचं वेगळंच. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा अ खातो, आपल्या नाट्यपदांत मात्र तो उघडा ठेवून लांबवतात, आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की शब्द परका वाटतो. त्यामुळे प्रत्येक ओळ आधी मोठ्याने म्हण, टाळी देऊन म्हण, मग संगीतकाराकडे दे. चाल तयार आहे म्हणून तिच्यात इंग्रजी शब्द बसवायला जाऊ नकोस. त्या भाषेला तिची चाल मिळू दे.

तलवारीबद्दल तू अडीच पानं लिहिली आहेस, मी थोडक्यात सांगते. लढाई गाण्यावर नको, वाद्यमेळावर ठेव. ज्याला पुढच्या ओळीत तार सप्तकात जायचं आहे त्याला त्याआधी दोन मिनिटं पळवू नये, त्याचा दम त्याच्याजवळ राहू दे. लढाई बसवायला त्यातला जाणकार माणूस घे, पाती बोथट ठेव, आणि प्रत्येक प्रयोगाआधी पूर्ण लढाई संथ गतीने एकदा करून घ्यायचीच, कितीही उशीर झालेला असो. मुखवट्यामुळे बाजूचं दिसत नाही, म्हणून तालमी पहिल्या दिवसापासून मुखवटा घालूनच. संगीत-संचालकाचा हात त्यातून दिसतो का, हे स्वतः घालून बघ.

सगळं एकदम बदलायला बसू नकोस. आधी फक्त चौकशीचा प्रवेश लिही, आठ-दहा मिनिटांचा. प्रत्येक ओळीच्या समोर समासात लिही, ही कोणाला कळते आणि कोणाला नाही. समास कोरा राहील तिथे ओळ काढून टाक. मग तुझ्या आजीला आणि त्या मराठी न कळणाऱ्या मैत्रिणीला एकत्र बसवून वाचून दाखव. दोघी कुठे कुठे एकमेकींकडे बघतात त्याची नोंद कर, आणि ती नोंद वहीसकट मला पाठव.

तुझी,
मावशी

ता. क. काळ्या घोड्याचं पद चांगलं झालंय. ते काढू नकोस, दुसऱ्या अंकात ने.