इंग्लंडमधल्या गावची पॅरिश कौन्सिल वर्षभर नक्की काय करते? सदस्य व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की गावच्या सूचनाफलकावर पॅरिश कौन्सिलची एक जागा रिकामी असल्याचा कागद लागलाय, शेजारीण अर्ज कर म्हणून मागे लागलीय, पण ही मंडळी वर्षभर करतात काय आणि त्यात वेळ किती जाईल याचा अंदाज येत नाहीये. मी ऑक्सफर्डशायरमधल्या एका लहान गावात राहते आणि काही वर्षांपासून तिथल्या कौन्सिलवर आहे. आतून जसं दिसतं तसं सांगते.

पॅरिश म्हटलं की वसई-गोव्याकडच्या माणसाला चर्चच आठवणार. पूर्वी गावचा कारभार खरोखरच चर्चच्या व्हेस्ट्रीकडे, म्हणजे चर्चमध्ये भरणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाकडे असायचा. १८९४ च्या कायद्याने तो वेगळा काढून निवडून आलेल्या कौन्सिलकडे दिला. चर्चचं स्वतंत्र मंडळ आजही असतं, पण त्याचा या कामाशी संबंध नाही. इंग्लंडभर अशा साधारण दहा हजार कौन्सिल आहेत. काहींच्या हद्दीत जेमतेम दोन-तीनशे माणसं असतात, तर काही चांगल्या मोठ्या गावांच्या असतात.

आपल्या ग्रामपंचायतीशी तुलना मनात येणारच, पण कामात फार फरक आहे. जन्म-मृत्यूचे दाखले, पाणीपुरवठा, गटारं, रस्ते, शाळा यातलं काहीही पॅरिशकडे नसतं. आमच्या भागात रस्ते आणि शाळा काउंटी कौन्सिल (आपल्या जिल्ह्यासारख्या मोठ्या भागाची) बघते, कचरा आणि बांधकाम परवानग्या डिस्ट्रिक्ट कौन्सिल (काउंटीतल्या लहान भागाची), आणि पाणी खासगी कंपनी. पॅरिशच्या वाट्याला येतं ते मुलांचं खेळाचं मैदान, सार्वजनिक जागेतलं गवत, बाकडी, बसथांब्याची शेड, कुठे रस्त्यावरचे दिवे, कुठे दफनभूमी, युद्धस्मारक, भाजीपाला लावायला भाड्याने दिलेले अलॉटमेंटचे तुकडे, आणि पायवाटांवर लक्ष. किरकोळ वाटतं ना? पण गावात राहणाऱ्या माणसाचा रोज संबंध येतो तो याच गोष्टींशी, आणि त्या नीट राहाव्यात म्हणून धडपडणारं दुसरं कोणी नसतं.

या कौन्सिलचं वर्ष समजून घ्यायचं तर पैशापासून सुरुवात करा. कागदोपत्री वर्ष मे महिन्यात सुरू होतं, पण माझ्या मते ते खरं सुरू होतं ऑक्टोबरात. आमच्याकडे त्या सभेत क्लार्क पुढच्या वर्षाचा कच्चा अर्थसंकल्प मांडते. क्लार्क म्हणजे कौन्सिलची पगारी कर्मचारी, लहान गावात बहुधा अर्धवेळ आणि एकटीच. सभेची सूचना, इतिवृत्त, पत्रव्यवहार, हिशेब, कायदा काय म्हणतो ते आम्हाला सांगणं, सगळं तिच्या अंगावर. आम्ही सदस्य बिनपगारी. त्या कच्च्या कागदावर तिचा पगार, विमा, गवत कापणाऱ्या ठेकेदाराचं बिल, दिव्यांची वीज, मैदानाची तपासणी, ऑडिटची फी, हॉलचं भाडं असं एकेक येतं. केंद्र सरकारकडून नियमित अनुदान मिळत नाही. त्यामुळे खर्चातून अलॉटमेंटचं भाडं वगैरे किरकोळ उत्पन्न वजा केलं की उरलेला आकडा गावकऱ्यांकडूनच घ्यायचा. त्याला प्रीसेप्ट म्हणतात. साधारण जानेवारीच्या सभेत तो मंजूर होतो, क्लार्क डिस्ट्रिक्टला कळवते आणि एप्रिलपासून तो कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराच्या बिलात वेगळ्या ओळीत दिसतो. तुमचं बिल काढून बघा, ती ओळ सापडेल.

आकडे किती छोटे असतात आणि तरी किती जड वाटतात, ते उदाहरणाने सांगते. या करासाठी घरांचे किमतीनुसार गट पाडतात आणि तुलनेला बँड डी हा गट धरतात. समजा गावात बँड डीच्या हिशेबाने ४०० घरं आहेत आणि प्रीसेप्ट २०,००० पौंड आहे. म्हणजे बँड डीच्या घरामागे वर्षाला ५० पौंड. आता मैदानातले झोपाळे बदलायला ४,००० पौंड हवेत. ते एकाच वर्षात उभे करायचे तर घरामागे दहा पौंड, म्हणजे थेट वीस टक्के वाढ! मोठ्या कौन्सिलांना ठरावीक टक्क्यांपलीकडे कर वाढवायचा तर सार्वमत घ्यावं लागतं. ती अट सरकारने पॅरिश कौन्सिलांना आजवर लावलेली नाही. अडवणारं वर कोणी नाही, म्हणून जबाबदारी जास्त. ज्यांच्या बिलात ते दहा पौंड जाणार, त्या बाई दुसऱ्या दिवशी पोस्टात आपल्या पुढे रांगेत उभ्या असतात. मग आम्ही दोन-तीन वर्षं थोडे थोडे बाजूला टाकून झोपाळ्यांचा निधी करतो. निवडणुकीचाही निधी ठेवावा लागतो, कारण तिचा खर्च डिस्ट्रिक्ट आपल्याकडून वसूल करू शकते.

याबाबत माझं मत अगदी ठाम आहे. गावातले लोक चांगल्या मागण्या घेऊन येतात, पण चुकीच्या महिन्यात. मे-जूनमध्ये हवा छान असते, माणसं बाहेर पडतात, त्यांना नदीकाठी बाक हवंसं वाटतं, आणि तोवर वर्षाचे पैसे ठरून गेलेले असतात. जानेवारीतल्या प्रीसेप्टच्या सभेत, जिथे खरोखर सगळं ठरतं, प्रेक्षकांच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या असतात. सदस्य झालात किंवा नाही झालात, गावात काही व्हावंसं वाटत असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात बोला, आणि सोबत दोन दरपत्रकं आणा. तसं आलेलं काम होतं.

वर्षभर न थांबणारं काम म्हणजे प्लॅनिंग, अर्थात बांधकाम परवानग्यांचे अर्ज. कोणी घराला खोली वाढवायची, झाड तोडायचं किंवा शेतात वीस घरं बांधायची म्हटलं की डिस्ट्रिक्ट आमचं मत मागवते, आणि उत्तराला साधारण २१ दिवस मिळतात. निर्णय आमच्या हातात नाही. हे गावकऱ्यांना पटवणं फार अवघड जातं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर सभा भरते ती आमची. म्हणून आमचं मत कसं लिहिलंय याला महत्त्व येतं. शेजाऱ्याच्या वाढीव खोलीमुळे माझ्या घराची किंमत पडेल किंवा माझा टेकडीचा देखावा जाईल, ही कारणं प्लॅनिंगमध्ये धरलीच जात नाहीत. पण वरच्या मजल्यावरची नवी खिडकी थेट दुसऱ्याच्या घरात उघडते, किंवा वळणावर गाडी बाहेर काढताना समोरचं दिसणार नाही, किंवा पावसाचं पाणी आधीच तुंबणाऱ्या चरात जाणार, हे धरलं जातं.

एका सभेत एक आजोबा खूप रागावून आले होते. बोलून बोलून शेवटी मूळ मुद्दा हाती लागला तो नकाशावरच्या एका रेघेचा: नव्या भिंतीमुळे त्यांच्या स्वयंपाकघराची एकमेव खिडकी झाकली जात होती. आम्ही तेवढंच लिहिलं, चार ओळी, अंतराच्या आकड्यासकट. आराखडा बदलून आला. लोकांच्या रागातून असा कामाचा मुद्दा वेगळा काढणं मला या पदावरचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं.

इथेच एक कडक नियम सांगून ठेवते. ज्या विषयात तुमचा किंवा तुमच्या जोडीदाराचा आर्थिक हितसंबंध आहे, तिथे चर्चेत भाग घ्यायचा नाही, मतही द्यायचं नाही. सदस्य झाल्यावर २८ दिवसांत घर, जमीन, नोकरी असे हितसंबंध लिहून द्यावे लागतात आणि ते जाहीर होतात. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानुसार हे मुद्दाम लपवणं फौजदारी गुन्हा आहे.

वसंतात दोन सभा लागोपाठ येतात आणि नवे लोक त्यांची गल्लत करतात. एक गावाची वार्षिक सभा, १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान. ती कौन्सिलची नव्हे, गावातल्या मतदारांची. आपल्या ग्रामसभेच्या सगळ्यात जवळ जाणारी हीच. कुणीही मतदार उठून बोलू शकतो, मत देऊ शकतो. दुसरी कौन्सिलची स्वतःची वार्षिक सभा, मे महिन्यात, आणि तिचं पहिलं काम अध्यक्ष निवडणं. निवडणुका दर चार वर्षांनी मेच्या पहिल्या गुरुवारी, पण लहान गावांत जागांपेक्षा उमेदवार कमी असं बऱ्याचदा होतं आणि मतदान होतच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. पंचायतीच्या निवडणुकीत अख्खा गाव जागा असलेला पाहत मी लहानाची मोठी झाले.

त्यानंतर हिशेब. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, अंतर्गत लेखापरीक्षक वह्या तपासतो, आणि वार्षिक हिशेबपत्रक सभेत मांडून ३० जूनपर्यंत मंजूर करावं लागतं. वर्षाची उलाढाल २५,००० पौंडांपर्यंत असेल तर बाहेरच्या ऑडिटमधून सूट घेता येते. पण वह्या बघण्याचा लोकांचा हक्क कुणालाच टाळता येत नाही: सलग ३० कामाचे दिवस, आणि त्यात जुलैचे पहिले दहा कामाचे दिवस आलेच पाहिजेत. ऑगस्टात आमच्याकडे सभा नसते.

सभांच्या मध्ये जे चालतं ते बाहेरून दिसत नाही. मैदानाची पाहणी माझ्याकडे आहे. दर आठवड्याला चक्कर मारून वहीत नोंद करायची, कारण उद्या अपघात झाला तर विमा कंपनी ती वही मागते. शिवाय वर्षातून एकदा बाहेरचा तज्ज्ञ येऊन तपासतो. झोपाळ्याची साखळी वरच्या टोकाला झिजते, जिथे शेवटची कडी आडव्या दांड्याखाली घासते. खालून ती ठणठणीत दिसते. शिडीवर चढून कडी उचलून अंगठा फिरवला की आतल्या बाजूची खाच लागते. लाकडी फळीचा कुजका कोपराही असाच, पावसाळी सकाळी स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघितल्याशिवाय कळत नाही. तुमच्या गावातल्या लाल टेलिफोन बूथमध्ये हृदयाला झटका देणारं यंत्र असेल, तर तो बूथही बहुधा कौन्सिलनेच बीटी या टेलिफोन कंपनीकडून एक पौंडात घेतलेला असणार. त्या यंत्राच्या पॅडवर मुदतीची तारीख असते. ती कुणालातरी बघावी लागते.

रस्त्यातले खड्डे मात्र आमचे नाहीत, काउंटीचे. तरी तक्रार आमच्याकडेच येते, आणि ती पुढे ढकलून हात झटकणं मला पटत नाही. फोटो, जागा, खोली लिहून काउंटीकडे पाठवायचं, नोंदणी क्रमांक घ्यायचा आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारायचं. सरकारच्या डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेनंतर काउंटी आणि डिस्ट्रिक्ट मोडून एकच मोठी कौन्सिल करण्याची हालचाल सुरू आहे. तसं झालं की वरचं कार्यालय गावापासून आणखी लांब जाईल, आणि असा पाठपुरावा करणारी माणसं गावात असणं आणखी गरजेचं होईल.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रिमेंबरन्स संडेला, अकरा वाजता युद्धस्मारकापाशी गाव जमतं. अध्यक्ष पॉपीच्या लाल फुलांचं पुष्पचक्र वाहतात, दोन मिनिटं सगळे स्तब्ध. त्याआधी दगड स्वच्छ करून घेणं, अक्षरं भरून घेणं हे आमचं काम. मी साताऱ्याकडची. अपशिंगे मिलिटरीतला पहिल्या महायुद्धाचा स्मृतिस्तंभ लहानपणी पाहिलेला. त्यामुळे इथली नावं वाचताना मला परकं वाटत नाही.

वेळेचं म्हणाल तर महिन्याला एक संध्याकाळ सभेची, आणि तिच्याआधी कागद वाचायला साधारण तेवढाच वेळ. कायद्याने वार्षिक सभेखेरीज किमान तीन सभा पुरतात, पण बरीच गावं दर महिन्याला भरवतात. विषयपत्रिका किमान तीन पूर्ण दिवस आधी, रविवार आणि सुट्ट्या सोडून, लावावी लागते, आणि तिच्यावर नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. २०२१ मध्ये चेशरमधल्या हँडफोर्थच्या कौन्सिलचं ऑनलाइन सभेतलं भांडण जगभर गाजलं. त्यावरून मत बनवू नका. मी पाहिलेल्या सभा शांत असतात, कधी कधी लांबतात.

आता तुमचं. भारतीय पासपोर्टचं लोकांना वाटतं तसं आड येत नाही. कॉमनवेल्थचा नागरिक आणि इथे कायमच्या वास्तव्याची परवानगी असेल तर उभं राहता येतं. वय १८ पूर्ण हवं, आणि तुम्ही त्या पॅरिशचे मतदार असायला हवं, किंवा गेले बारा महिने तिथे किंवा तीन मैलांच्या आत राहत, अथवा पॅरिशमध्ये काम करत असायला हवं. फलकावरच्या कागदाची तारीख बघा. तिथपासून १४ कामाच्या दिवसांत दहा मतदारांनी मागणी केली तर पोटनिवडणूक होते. नाही केली तर कौन्सिलच कुणाला तरी घेते, म्हणजे तुमचं नाव सभेत मांडून सदस्य मत देतात. तोवर एका सभेला जाऊन मागे बसा. सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला बहुधा थोडा वेळ ठेवलेला असतो, तेव्हा नाव सांगा आणि कुठल्या गल्लीत राहता ते सांगा. मग क्लार्कला चार ओळींची ईमेल करा: गावात कधीपासून आहात, काय येतं, कोणत्या कामात हात घालायला आवडेल. हिशेब येत असतील तर ते आवर्जून लिहा.