पेन्सिलने लिहिलेला आकडा

‘ड्रॉइंग अपुरी आहेत, तरी साहेब म्हणतात काम सुरू करा, बदल नंतर कागदावर घेऊ,’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य आणि पुढचा ‘सरकारी नोकरीचा राजीनामा देऊ का?’ हा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. पालिकेच्या वास्तुविभागात माझी उभी हयात गेली. असल्याच ‘नंतर कागदावर घेऊ’पायी दोन वर्षं चौकशीच्या फेऱ्या मारल्यात.

माझ्याकडे एका वाचनालयाचं काम होतं. जोतं ४५ सेंमी, १:१२ उताराने (दर १२ मीटरला १ मीटर चढ) रॅम्प ५.४ मीटर, समोर जागा सव्वासात मीटर. ऐन जोत्याच्या वेळी मलनिःसारणवाले साइटवर उगवले. पाइपची पातळी जुळत नाही म्हणे, आणखी ४५ सेंमी उचला. हीच पातळी मी तीन महिने त्यांच्याकडे लेखी मागत होतो! वरिष्ठ म्हणाले, उचला. मी ४५ खोडून पेन्सिलने ९० लिहिलं आणि घरी गेलो. रॅम्पला आता १०.८ मीटर हवे होते, हे डोक्यातच आलं नाही. कंत्राटदाराने होता तेवढ्या जागेत तो बसवला, उतार १:८, म्हणजे फारच चढा. चाकाच्या खुर्चीतल्या एका बाईंना दोघे जण रेटत वर नेत होते, तेव्हा मी दारातच उभा होतो. रॅम्प फोडून वळवावा लागला. ऑडिटने विचारलं, आदेश कोणाचा? मलनिःसारण खात्याचं एका ओळीत उत्तर: ‘या कार्यालयाने असे लेखी कळविलेले नाही.’ खोटं नव्हतं हो ते!

तेव्हा साइटवरून आलात की त्याच संध्याकाळी मेल टाका: आजच्या चर्चेनुसार अमुक बदल, त्यामुळे तमुक परिणाम. साहेब चिडतील, चिडू देत. (तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, ते आधी बघा, मी काही वकील नाही.)

अर्धवट ड्रॉइंगवर काम रेटणं मोठ्यांनाही भोवलंय. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं बांधकाम १९५९ मध्ये छताचं डिझाइन ठरण्याआधीच सुरू केलं. पुढे त्या छताचा भार पेलवेना म्हणून खालचे खांब नव्याने बांधावे लागले. १९६६ मध्ये त्याचे वास्तुविशारद उटझॉन काम सोडून गेले, इमारत १९७३ मध्ये खुली झाली.

राजीनाम्याचं म्हणाल, तर एवढ्यावरून देऊ नका, असं माझं मत. खाजगीत पैसा जास्त, पण शाळा, वाचनालयं हातून होणं विरळा. वास्तुविशारद डुडॉक नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसुम शहराच्या नोकरीतच होते. तिथल्या शाळा त्यांच्या, १९३१ चं नगरभवनही त्यांचंच.

आणि हो, सुधारणा क्रमांक (कितव्यांदा बदललं तो आकडा) नि तारीख घातल्याशिवाय ड्रॉइंगची एकही प्रत साइटवर पाठवू नका. जुन्या प्रती स्वतः जाऊन काढून आणा. कंत्राटदाराच्या शेडमध्ये भिंतीला चिकटवलेली असते ती हमखास जुनीच.