गंजलेली स्पिटफायर नव्या चॅसीवर बसवताना

बॉडी उचलायची घाई करू नका. ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला वेगळी चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा) असली तरी बॉडीची मधली ताकद दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये असते आणि गंज नेमका तिथेच आतून खातो. सिल गेलेली बॉडी जुन्या चॅसीवरून सोडली की मधोमध वाकते. मग दार कितीही घासा, बसत नाही.

म्हणून बॉडी जुन्या चॅसीवर बोल्टने घट्ट असतानाच, दारं लावून, सिल बदला. एका वेळी एकच बाजू. पत्रा १ ते १.२ मिमी, मिग वेल्डरची तार ०.६ मिमी, वेल्डचा एकेक टाका २० मिमीपेक्षा लांब नको. सलग वेल्ड मारलात तर पत्रा ओढला जातो. प्रत्येक टप्प्यावर दाराची फट मोजा. मग दारांच्या जागी २५ मिमीचा चौकोनी पाइप तिरका वेल्ड करा आणि त्यानंतरच बॉडी उचला.

किट चॅसी (दुसऱ्या गाडीचे भाग बसवायला केलेली तयार चॅसी) घेण्याआधी व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, तपासा. स्पिटफायरचा २१०८ मिमी, पहिल्या माझदा एमएक्स-५ चा २२६५. दीडशे मिमीचा हा फरक चाकाच्या कमानीत लगेच दिसतो.

बॉडी चॅसीला वेल्ड करू नका. रबर आणि शिम (पातळ चकत्या) घालून बोल्ट करा, फटी शिमनेच जुळवा. सीटबेल्टचे बोल्ट मात्र चॅसीलाच, जुन्या पत्र्यात कधीच नाही. स्टिअरिंग कॉलम, पेडल, रेडिएटर, टाकी, सगळं रंगाआधी एकदा बसवून पाहा.

ब्रिटनमध्ये चॅसी बदलली की नोंदणीचा प्रश्न येतो, आयव्हीए (एकेका गाडीला मंजुरी देणारी) चाचणीही लागू शकते. भारतात मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आधी वाचा.