बराखीतला कांदा आधी बघ

पत्र:
मावशी, जुलैमधे माझे आबा गेले, वय 79. आळेफाट्याजवळ आमची साडेतीन एकर शेती आहे, आयुष्यभर त्यांनी तीच केली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले, पुढे कालव्याचं पाणी आल्यावर कांदा करायला लागले आणि त्या कांद्यावर मला इंजिनिअर केलं. मी पिंपळे सौदागरला राहतो, आयटीत आहे. त्या दिवशी सकाळी सातला भावाचा फोन आला, आबांच्या छातीत दुखतंय, नारायणगावला हॉस्पिटलमधे नेतोय. मी तसाच निघालो पण चाकणच्या ट्रॅफिकमधे तासभर अडकलो, पोचलो तोवर सगळं संपलं होतं. दहाव्याला भाऊ चारचौघात म्हणाला, "तुला कधी वेळ होता?" तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मला झोप लागत नाही, चाकणवरून जाताना अंगावर काटा येतो. आबांसाठी काहीतरी करायचंय म्हणून शेताच्या कडेला त्यांचा अर्धपुतळा आणि वर छोटी घुमटी बांधायचं मनात आहे, चार-पाच लाख लागतील. बायको म्हणते फ्लॅटचं लोन आहे, भावाचा निरोप आहे, शेतात काही बांधायचं नाही. आई पण काही मत देत नाही, ती हल्ली सकाळी बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, जाऊन बसते ते संध्याकाळपर्यंत तिथेच, बोलत नाही फारशी, बहुतेक डिप्रेशन असावं, तिला पुण्याला आणून डॉक्टरला दाखवणार आहे. पुतळ्याचं काय करू? भावाला कसं समजावू?

उत्तर:
अरे, तुझी आई बराखीत कांदा निवडतेय.

एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि आईच्या वाट्याला एक वाक्य आलं, त्यातही तू तिला पेशंट करून टाकलंस. माझं माहेर मंचरकडचं आहे, बराख काय असते ते मला माहितीये आणि तुलाही चांगलं माहितीये, शाळेत असताना सुट्टीत तूही पाटी घेऊन तिथे बसला असशील. जरा डोकं शांत करून हिशोब लाव. आबा जुलैत गेले. म्हणजे आत्ता बराखीत जो कांदा आहे तो गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांनी टाकलेल्या रोपाचा, थंडीत लावलेला, एप्रिलमधे काढून, पात कापून, वाळवून भरलेला. त्यांच्या हातचं शेवटचं पीक आहे ते. आणि ते पावसाळाभर तसंच पडून राहिलंय, कारण दोन्ही मुलं एकमेकांशी बोलत नाहीत.

पावसाळ्यातल्या दमट हवेत कांद्याचं काय होतं ते लिहिते, कारण पत्रात तू त्याचं नावही काढलेलं नाहीस. काजळी धरते, कोंब फुटतात, आणि एक सडला की त्याचं पाणी खालच्यांवर गळतं आणि बघता बघता आजूबाजूचा सगळा ढीग खराब होतो. म्हणून ठराविक दिवसांनी उपसून, सडका बाजूला काढून, चांगला परत रचावा लागतो. नाही केलं तर पाच-सहा महिन्यांत निम्म्यापर्यंत माल मातीत जाऊ शकतो. हे काम एरवी चार-पाच बायका मिळून करतात, आणि तुमच्याकडे सत्तरी पार केलेली एक बाई एकटी वाकून करतेय, त्या वासात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बोलत नाही म्हणतोस, बोलणार कोणाशी? एक मुलगा पुतळ्याचं विचारतो, दुसरा पहिल्यावर चिडलेला. तिला मत विचारलंस ते पुतळ्याबद्दल. कांद्याचं काय करायचं आई, असं एकदा तरी विचारलंस का?

दुष्काळाचं तू फार मनापासून लिहिलंयस, पण ते सगळं आबांच्या तोंडून ऐकलेलं आहे. बहात्तरच्या त्या दुष्काळी कामांवर, खडीचं असो, रस्त्याचं असो नाहीतर पाझर तलावाचं, बायका काही कमी नव्हत्या. पाट्या टाकायला, मुरूम उचलायला गावोगावच्या बायका होत्या, तान्ही पोरं झाडाखाली झोळीत ठेवून. त्याच अनुभवातून पुढे 1977 मधे रोजगार हमीचा कायदा झाला. तुझी आई तेव्हा विशीत असेल. ती त्या वेळी घरी बसून होती असं वाटतं का तुला? बहुतेक तू कधी विचारलंच नसशील. आबा शेतकरी होते हे तुझ्या ओळीओळीत आहे, आई शेतकरी आहे हे एकाही ओळीत नाही, म्हणूनच ती बराखीत गेली की तुला आजारी दिसते.

आणि यंदाचा कांदा आबांनी भरला तो काय विचार करून भरला असेल तेही बघ. 2023 च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली, 2024 च्या मे महिन्यात उठली तरी 40 टक्के शुल्क ठेवूनच उठली, पुढे ते 20 वर आलं आणि शेवटी 1 एप्रिल 2025 ला पूर्ण गेलं. नेमका तेव्हा तुमच्याकडे कांदा काढायला आला होता. म्हणजे या वेळी भाव येईल, थांबू, अशी आशा धरूनच त्या माणसाने बराख भरली असणार. भाव काही उठला नाही. आता गणपती होऊन गेले, नवरात्र तोंडावर आहे, एकदा का खरिपाचा लाल कांदा बाजारात यायला लागला की तुमच्या जुन्या मालाकडे बघणारं कोणी राहत नाही. आई हे सगळं ओळखून आहे, म्हणून तिची घाई चाललीये.

चाकणच्या त्या तासाबद्दल फार बोलणार नाही. ते ट्रॅफिक रोजचं आहे, ते तू केलेलं नाहीस, आणि वेळेत पोचला असतास तरी हॉस्पिटलच्या दाराबाहेरच उभा राहिला असतास. पण भाऊ जे बोलला ते त्या तासाबद्दल होतं असं मला अजिबात वाटत नाही. एप्रिलमधे कांदा काढायला माणसं मिळत नव्हती, आबा 79 वर्षांचे उन्हात बसून पात कापत होते, तेव्हा तू कुठे होतास, हे तो विचारतोय. चारचौघात विचारलं ते वाईट केलं त्याने, पण प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर पुतळ्याने देता येणार नाही, तेव्हा पुतळ्याचं डोक्यातून काढून टाक. बायको बरोबर बोलतेय, भाऊही बरोबर बोलतोय.

या शनिवारी पहाटे पाचला घरातून निघ, चाकण मोकळं मिळेल. आदल्या दिवशी भावाला फोन कर आणि एवढंच बोल, "शनिवारी कांदा निवडायला येतोय, पिशव्या न् सुतळी घेऊन येतो, टेम्पोचं तू बघ." माफी मागणं, समजावणं, त्या दिवशी तू असं का म्हणालास, यातलं काहीही काढू नकोस. तो टेम्पो बघेल, शेतकरी माणूस आहे, माल सडताना त्यालाही बघवत नसेल, फक्त पहिला फोन कोणी करायचा यावर तुम्ही दोघं अडून बसलायत.

गेल्यावर घरात चहाला टेकू नकोस, सरळ बराखीत जा आणि आईशेजारी बस. ती कसं निवडते ते आधी बघ, मग हात लाव. मोठा गोळा वेगळा, बारकी गोल्टी वेगळी, डागी बदला वेगळा, सडका लांब खड्ड्यात. तुझी पाठ दुखेल, दुखू दे. रविवारी संपलं नाही तर सोमवारची सुट्टी टाक, ऑफिसला सांग घरी काम आहे. ती आपणहून बोलायला लागली तर ऐक, नाही बोलली तरी चालेल. आणि दोन दिवस शेजारी बसून जर दिसलं की ती जेवत नाहीये, रात्ररात्र जागी आहे, तर डॉक्टरकडे जरूर ने, नारायणगावातही डॉक्टर आहेत, पण त्याआधी तिला उचलून पुण्यातल्या फ्लॅटमधे आणून बसवू नकोस. बराख अर्धी टाकून ती येणार नाही, आणि बळजबरीने आणलीस तर मात्र खरंच आजारी पडेल.

माल ओतूरला न्यायचा का आळेफाट्याला ते तिला आणि भावाला ठरवू दे. तिथे दहा किलोला जो भाव पुकारतील तो ऐकून तोंड वाकडं करू नकोस, आणि "एवढ्यासाठी एवढी मेहनत" हे वाक्य तिच्यासमोर चुकूनही काढू नकोस. आडतदाराला पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, आईच्या नावाने करायला सांग. दरवर्षी ती आबांच्या नावाने निघायची, या वर्षी तिच्या नावाने निघू दे. पैसे जेवढे येतील तेवढेच तिच्या हातात दे, कमी वाटले म्हणून स्वतःच्या खिशातले घालून आकडा वाढवू नकोस, तिला लगेच कळेल. त्याचं पुढे काय करायचं, गावच्या सोसायटीत कर्जाला भरायचे, वर्षश्राद्धाला ठेवायचे का येत्या कांद्याचं बी घ्यायचं, हे ती सांगेल तसं कर. बी घ्यायचं म्हणाली तर रोप टाकायला महिन्याभरात परत जावं लागेल, ती रजा आत्ताच टाकून ठेव.

– मावशी